आमच्या जिप्सीचं वॉबलिंग गेलं, त्याची पाच महिन्यांची गोष्ट

५ मे २०२४, रविवार. निपाणीचं लग्न आटपून आम्ही कोल्हापूरकडे परत येत होतो. मी चालवत होते, शेजारी आबा. गाडी म्हणजे १९८९ची मारुती जिप्सी, एमजी ४१०, ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन. कागल मागे पडलं, वेग साठच्या थोडा वर होता आणि एका पुलाच्या सांध्यावरून पुढची चाकं गेली. धक्का नेहमीसारखाच होता. पण त्यानंतर स्टेअरिंग डावी-उजवीकडे इतक्या जोरात मारायला लागलं की मनगटं सुटतात की काय असं झालं. यालाच वॉबलिंग म्हणतात. बोनेट हलत होतं, आरसे थरथरत होते, मागून ट्रक हॉर्न देत होता. आबांनी डॅशबोर्डवरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टेअरिंग नुसतं धरून ठेवलं, ब्रेक अगदी हलका दाबला. वेग पस्तीसच्या खाली आला तेव्हा थरथर आपोआप थांबली. गाडी बाजूला घेतली आणि दहा मिनिटं तशीच बसून राहिले. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना हे आधीच सांगते: जोरात ब्रेक मारू नका आणि स्टेअरिंगशी झटापट करू नका. वेग उतरू द्या.

ही जिप्सी मी २०२१ साली गडहिंग्लज तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून घेतली. त्यांच्याही आधीच्या मालकानं ती उंच करून घेतली होती. पुढच्या-मागच्या पाट्यांमध्ये (लीफ स्प्रिंगमध्ये) एकेक जादा पाटा, लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणाऱ्या कड्या), चाकांमागे त्यांना बाहेर ढकलणारे एकेक इंचाचे स्पेसर आणि २३५/७५ आर १५चे टायर. दिसायला फार रुबाबदार होती. मलाही तिचा तो रुबाबच आवडला होता, हे कबूल करायला हवं. तीन वर्षं ती गावातल्या गावात, शेताला आणि कधी पन्हाळ्याला एवढीच फिरली. त्यामुळे साठच्या पुढे ती काय करते हे मला माहीतच नव्हतं.

मतदानाचा ७ मे गेला आणि ९ तारखेला मी गाडी घेऊन टायरच्या दुकानात गेले. चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि संगणकावरचं अलाइनमेंट, १,३०० रुपये. तिथल्या मुलानं सांगितलं, “मॅडम, ह्या गाडीत टो सोडून काय ॲडजस्ट होत न्हाई.” टो म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते. त्याचं म्हणणं खरंच होतं. पुढचा ॲक्सल सलग असलेल्या गाडीत कास्टर आणि कॅम्बर हे कलाचे कोन फिरवायला बोल्टच नसतात. पण जे फिरवता येत नाही ते तपासायचंही नाही, असा अर्थ मी काढला. तिथे माझे दीड महिने गेले.

थरथर कमी झाली, गेली नाही. १८ मेला एका गॅरेजमध्ये स्टेअरिंग डॅम्पर बदलला, मजुरीसह २,२०० रुपये. आणि जादू झाल्यासारखं सगळं शांत! मी घरी फोन करून आनंदाची बातमीही दिली. ९ जूनला पहिल्या पावसात हायवेला शिरोलीच्या अलीकडे पुन्हा तेच. या वेळी आधीपेक्षा जोरात. डॅम्पर म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरच, आडवा बसवलेला. तो थरथर दाबून धरतो, तिचं कारण दूर करत नाही. नवा होता तोवर त्यानं दाबली, मग तोही थकला. ज्यांची गाडी नव्या डॅम्परनं “बरी” झाली आहे त्यांनी खाली वाकून बाकीचे सांधे बघावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या रात्री आबा म्हणाले, “विकून टाक पोरी. गाडीपेक्षा तू मोठी आहेस.” मी विकली असतीही. पण मग मनात आलं, ही अशीच दुसऱ्याला द्यायची? त्याच्या शेजारीही कोणाचे तरी आबा बसणार. मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते. कोन मोजणं हे माझं रोजचं काम. मग स्वतःच मोजायचं ठरवलं.

डिजिटल अँगल गेज ८५० रुपयांना ऑनलाइन मागवलं. हातात मावेल एवढा, तळाला चुंबक असलेला डबा. २३ जूनच्या रविवारी धाकट्या भावाला घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलो. जागा सपाट आहे का, हे गवंडी वापरतात त्या पाण्याच्या लेव्हल पाइपनं तपासलं. उजवं पुढचं चाक जिथे येत होतं तिथली फरशी सहा मिलिमीटर खाली होती, तिथे चाकाखाली पत्रा घातला. मोजायच्या आधी हे केलंच पाहिजे, नाहीतर आपण गाडीचा कोन मोजतोय की फरशीचा हेच कळत नाही.

कास्टर म्हणजे काय, हे मला सायकलवरून समजलं. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, वरून मागे कललेला असतो. त्या कलामुळे त्याची रेषा जमिनीला जिथे टेकते, त्याच्या थोडं मागे टायर टेकतं आणि चाक हँडलच्या मागून ओढल्यासारखं येतं. हात सोडूनही सायकल सरळ जायला त्याची मदत होते. जिप्सीत चिमट्याच्या जागी किंगपिन असतो. ज्या रेषेभोवती चाक वळतं ती रेषा वरून मागे कललेली हवी. या गाडीचा मूळ कास्टर साडेतीन अंशांच्या आसपास. किंगपिनच्या वरच्या टोपीचा सपाट भाग घासून स्वच्छ केला, त्यावर गेज ठेवलं. डावीकडे ०.३ अंश. उजवीकडे शून्य.

म्हणजे चाकांना सरळ राहायचं काही कारणच उरलं नव्हतं.

हे तीन अंश गेले कुठे, तेही तिथेच बसून काढलं. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं, मागचं टोक चॅसिसला पक्कं. जुन्या मालकानं शॅकल दोन इंचांनी लांब केली होती. त्यामुळे पाट्याचं पुढचं टोक पाच सेंटिमीटर खाली गेलं, मागचं जागच्या जागी राहिलं. पाट्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर आमच्या टेपवर ९२ सेंटिमीटर आलं. ९२ला ५, म्हणजे तीन अंशांहून किंचित जास्त. पाटा पुढे झुकला, त्याच्यावर बसलेला ॲक्सलही पुढे झुकला आणि किंगपिनचा कल गेला. शिवाय मागची बाजू पुढच्यापेक्षा एक इंचानं जास्त उचललेली होती. गाडी नाकावर कलली की तोही अर्धा-पाऊण अंश कास्टरमधूनच जातो. आणि एवढं करून लांब शॅकलनं मिळाली किती उंची? शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी एकच इंच उठते, कारण ॲक्सल पाट्याच्या मध्यावर असतो. एका इंचासाठी तीन अंश घालवले होते.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी दिसल्या. खडूनं टायरवर रेघ मारून, हबच्या उंचीवर पुढून आणि मागून टेप लावली तर टो-इन नऊ मिलिमीटर निघालं, म्हणजे चाकांमधलं अंतर मागच्यापेक्षा पुढे तेवढं कमी. थरथर दाबण्यासाठी कोणीतरी ते वाढवत नेलं असावं. टायरच्या कडा हाताला करवतीसारख्या लागत होत्या. दुसरं म्हणजे ड्रॅग लिंक. स्टेअरिंग बॉक्स चॅसिसवर असतो आणि चाकं ॲक्सलवर. बॉक्समधून खाली येणाऱ्या हातापासून, म्हणजे ड्रॉप आर्मपासून, पलीकडच्या चाकाकडे जाणारा हा दांडा जवळजवळ आडवा असायला हवा. चॅसिस तीन इंच वर गेल्यावर तो तिरका झाला होता, शिडीसारखा. खड्ड्यात ॲक्सल वर आला की तिरका दांडा आडवा व्हायला बघतो आणि चाकाला बाजूला ढकलतो. आपण स्टेअरिंग हलवलेलं नसतं, तरी गाडी वळते. गॅरेजवाले याला “हात मारते” म्हणतात, इतके दिवस मी तो शब्द नुसताच ऐकत होते.

२९ जूनला शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गेले. वय साठीच्या पुढे, आयुष्य जीप आणि जिप्सीत गेलेलं. माझ्या मोजमापांची वही त्यांनी दोन मिनिटं शांतपणे वाचली आणि म्हणाले, “कोन नंतर बघू मॅडम. आदी काय काय ढिलं झालंय ते बघू. ढिल्या गाडीचा कोन मोजून उपेग न्हाई.” हा क्रम मला कुणी मे महिन्यातच सांगायला हवा होता.

त्यांची तपासायची पद्धत कुणालाही घरी करता येईल. चाकं जमिनीवरच ठेवायची, जॅक लावायचा नाही. एकानं स्टेअरिंग चार-चार इंच डावी-उजवीकडे भराभर हलवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा उशिरा हलतो, तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा. आमच्या चारपैकी तीन टाय रॉड एंडमध्ये (स्टेअरिंगच्या दांड्यांच्या टोकांच्या सांध्यांमध्ये) तो होता. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवलं, थोडं हललं. मिस्त्रींनी मला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. तरीही हललंच. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष व्हील बेअरिंगचा, नाही थांबलं तर किंगपिनचा. आमचे दोन्ही बाजूंचे किंगपिन बेअरिंग गेलेले होते.

तिसरा दोष मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. गाडी उंच केल्यावर ड्रॅग लिंक तिरका होऊन स्टेअरिंग वाकडं बसलं असणार. ते सरळ दिसावं म्हणून कुणीतरी स्टेअरिंग काढून दुसऱ्या खाचेत बसवलं होतं. ड्रॅग लिंकचं टोक फिरवून लांबी जुळवायला हवी होती, ते केलं नव्हतं. स्टेअरिंग बॉक्स अगदी मधोमध असताना सर्वात घट्ट असतो, कडेला थोडा सैल. आमची गाडी सरळ जाताना बॉक्स कायम त्याच्या सैल भागात चालत होता. मिस्त्रींनी ड्रॅग लिंक सोडवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मोजल्या, अर्ध्यावर बॉक्स थांबवला, तिथे स्टेअरिंग सरळ बसवलं आणि मग लिंकची लांबी त्याला जुळवली. पाव तासाचं काम.

पार्ट यायला अकरा दिवस लागले. टाय रॉड एंड चार, २,६०० रुपये. दोन्ही बाजूंचे किंगपिन बेअरिंग आणि सील, ३,८००. मजुरी ३,०००. बेअरिंग बसवल्यावर मिस्त्रींनी नकल (किंगपिनवर फिरणारा, चाक धरणारा भाग) ताण-काट्यानं ओढून किती जोर लागतो ते बघितलं आणि त्याप्रमाणे शिम, म्हणजे पातळ चकत्या, कमी-जास्त केले. हे न करता नुसती टोपी आवळून देणारे बरेच आहेत. ताण काट्यावर बघितला का, एवढं विचाराच.

आता कास्टर. खरं सांगायचं तर मला उंची सोडवत नव्हती. म्हणून मी वेजचा मार्ग धरला. पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये पाचरीसारखी पट्टी घालायची, म्हणजे ॲक्सल मागे कलतो. उद्यमनगरातच मिलिंग करून घेतल्या. तीन अंशांच्या, १२० मिलिमीटर लांब, एका टोकाला तीन मिलिमीटर जाड आणि दुसऱ्या टोकाला सव्वानऊ. पट्ट्या, पाटा ॲक्सलला आवळणारे लांब यू-बोल्ट आणि उंच डोक्याचे सेंटर बोल्ट धरून २,१०० रुपये, मजुरी १,२००. सेंटर बोल्ट विसरू नका. वेजच्या जाडीमुळे जुन्या बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात पोचत नाही आणि मग ॲक्सल पाट्यावर सरकू शकतो. वेज ॲल्युमिनियमच्या स्वस्त मिळतात, त्या ठोके खाऊन पिचतात, लोखंडाच्याच घ्या. आणि दिशा नीट समजून घ्या. मूळ जिप्सीसारखा पाटा ॲक्सलच्या खाली असेल तर जाड टोक पुढे. कुणी पाटे ॲक्सलच्या वर घेतले असतील तर जाड टोक मागे. उलट घातल्या तर उरलासुरला कास्टरही जाईल.

२० जुलैला बसवल्या. कास्टर ३.२ आणि २.९. टो-इन तीन मिलिमीटर. संध्याकाळी हायवेला त्याच पुलाच्या सांध्यावरून पासष्टनं गेले. काही नाही! स्टेअरिंग वळून सोडलं की स्वतःहून सरळ येत होतं. तीन वर्षांत ही गाडी असं कधी वागली नव्हती. त्या रात्री मला शांत झोप लागली.

पुढच्या आठवड्यात पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली. कॉलेजला सुट्टी, निम्मे रस्ते बंद, मिस्त्रींची माणसं अडकलेली. पाणी ओसरल्यावर ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी कळ्याच्या रस्त्यानं गेले. रस्ता पावसानं पार उखडलेला. तिथे कळलं की अर्धंच काम झालंय. प्रत्येक खड्ड्याला स्टेअरिंग हातातून ओढलं जात होतं. वेजनं ॲक्सलचा कल सुधारला, पण ड्रॅग लिंक होता तितकाच तिरका राहिला. त्यात पुढून नवाच किरकिर आवाज. ॲक्सल मागे कलला की डिफरन्शियलचं, म्हणजे ॲक्सलवरच्या गिअरपेटीचं, तोंड खाली जातं, आणि वर गेलेल्या ट्रान्सफर केसकडून (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीकडून) येणारा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद नेणारा फिरता दांडा, तिथे जास्त कोनात वाकतो. माझ्या गाडीला फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सुटी करणारे हब) नाहीत, त्यामुळे फोर व्हील लावलेलं नसतानाही तो शाफ्ट फिरतोच. त्याच्या सांध्यातल्या, आधीच झिजलेल्या क्रॉसला हा नवा कोन सोसेना.

ड्रॅग लिंकसाठी एका गॅरेजनं सुचवलं की ड्रॉप आर्म गॅसवर तापवून खाली वाकवून देतो, पाचशे रुपये. मी नाही म्हटलं आणि इथे वाचणाऱ्या प्रत्येकानं नाही म्हणावं. तो घडवलेला, उष्णतेची प्रक्रिया केलेला भाग असतो. तापवला की त्याची ताकद गेली, आणि तो मोडला की हातात नुसतं फिरणारं स्टेअरिंग उरतं. घाटात असं झालं तर दुसरी संधी नाही.

याच दिवसांत दुसरी तारीख डोक्यावर आली. नोंदणीची मुदत ११ ऑक्टोबर २०२४ला संपत होती. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. फॉर्म २५, मुदतीच्या आधी साठ दिवसांपर्यंत भरता येतो. म्हणजे १२ ऑगस्टपासून. उशीर झाला तर चारचाकीला दर महिन्याला ५०० रुपये जादा पडणार होते. आणि गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवावी लागते.

तेव्हा मी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पहिल्यांदा नीट वाचलं. नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं आहे. मला दंडापेक्षा विम्याची काळजी वाटली. अशा गाडीनं अपघात झाला आणि कंपनीनं बदलावर बोट ठेवलं, तर समोरच्या जखमी माणसाला मी काय उत्तर देणार?

१५ ऑगस्टच्या सुट्टीला भाऊ आणि मी पुन्हा वही उघडली. कास्टर, ड्रॅग लिंक, प्रोपेलर शाफ्ट, नोंदणी, विमा, सगळ्या बाजूंनी एकच उत्तर येत होतं. गाडी खाली आणायची. मला वाईट वाटलं. पण हे तीन इंच ठेवायचे तर प्रत्येक सांध्याशी वेगळा तह करावा लागणार होता, आणि तो तह पुन्हा कधीतरी आबांच्या जिवावर मोडणार होता.

शिरोलीजवळच्या एका पाटेवाल्या चाचांकडे चारही पाटे नेले. त्यांनी जादा पाटे काढून बाजूला ठेवले, मूळचे एकेक सुटे करून बघितले. दोन पाट्यांना केसासारखी चीर होती, ते बदलले. बाकीचे भट्टीत तापवून, मारून, मूळ बाकावर आणून तेलात बुडवून पाणी दिलं, म्हणजे कडक केले. मी विचारलं, थंडच मारून होत नाही का? चाचा म्हणाले, “होतंय की. पन सा म्हयन्यांत परत बसतंय.” डावा आणि उजवा पाटा शेजारी ठेवून बाक जुळतो का हे त्यांनी मला स्वतः बघायला लावलं. चार मिलिमीटरचा फरक होता, तो पुन्हा मारून काढला. ६,८०० रुपये आणि नऊ दिवस. मूळ लांबीची शॅकल आणि बुश, २,४००. प्रोपेलरचा क्रॉस ६५०.

घाई गणपतीची होती. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आणि त्यानंतर दहा-बारा दिवस कोल्हापुरात काम करणारं माणूस शोधूनही सापडत नाही. मिस्त्रींनी ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर असे दोन दिवस फक्त माझीच गाडी घेतली, मजुरी ३,५००. वेज काढल्या, पाटे बसवले, स्पेसर काढून टाकले. स्पेसरनं चाक किंगपिनच्या रेषेपासून बाहेर जातं, म्हणजे खड्ड्याचा प्रत्येक धक्का जास्त लांब तरफेनं स्टेअरिंगला मिळतो. मूळ मापाचे पाच टायर २६,०००ला घेतले, जुने मोठे १४,०००ला गेले. बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळायचे, हवेत असताना आवळले तर बुश पिळलेलं राहतं, हे मिस्त्रींनी पोराला दोनदा बजावलं.

संध्याकाळी गेज लावलं. डावा ३.१, उजवा ३.३. वेज नाही, काही नाही. ड्रॅग लिंक आडवा. स्टेअरिंग वाकडं झालं होतं, कारण गाडी खाली आल्यावर लिंकची लांबी पुन्हा जुळवावी लागते. या वेळी ते मी स्वतः केलं, मिस्त्री शेजारी उभे राहिले.

जुन्या टायरचे १४,००० वजा करून सगळा खर्च, डॅम्परसह, ४२,४०० रुपये. पहिल्या दिवसापासून खाली आणायचं ठरवलं असतं तर त्यातले अलाइनमेंट, डॅम्पर आणि वेजचे ६,८०० वाचले असते.

नूतनीकरणाचा अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरला. तेव्हा, २०२४ साली, फी ५,००० होती आणि पर्यावरण कर पाच वर्षांसाठी ३,०००, शिवाय कार्ड आणि टपालाचे किरकोळ. पीयूसी आणि विमा चालू हवा. तपासणीची तारीख २४ सप्टेंबर, मंगळवार मिळाली. आदल्या दिवशी चॅसिस नंबरवरचा गंज आणि रंग वायर ब्रशनं काढा, त्याचा पेन्सिलनं छाप घेतात आणि जुन्या गाड्यांचा नंबर तिथे उभं राहून शोधण्यात तास जातो. हॉर्न, वायपर, चारही इंडिकेटर, नंबर प्लेटवरचा दिवा घरीच बघून घ्या. माझा हा शेवटचा दिवा तिथेच गेला. बाहेरच्या दुकानातून बल्ब आणून लावला आणि पुन्हा रांगेत उभी राहिले. निरीक्षकांनी खाली वाकून पाटे बघितले, स्टेअरिंग हलवून बघितलं, गाडी थोडी चालवली. “हिची पाच वर्षं आरामात जातील,” असं म्हणून सही केली. कार्ड एकोणीस दिवसांनी टपालानं घरी आलं.

नवे यू-बोल्ट पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात, पाटे एकमेकांवर बसले की ते ढिले पडतात. आमचे चारही अर्ध्या फेरीनं फिरले. त्यानंतरच मी आबांना विचारलं.

२० ऑक्टोबरला गगनबावड्याला गेलो. पाऊस उघडला होता, ऊस उभा होता. कळ्याच्या त्याच खड्ड्यांतून गाडी उड्या मारत गेली, पण सरळ गेली. आबांनी जाताना दांडा धरला होता. येताना तो सोडून दिला आणि पिशवीतून शेंगा काढून सोलत बसले. मला देत होते, पण मी अजून एका हातानं चालवत नाही म्हटल्यावर त्यांनी त्या माझ्यासाठी रुमालात बांधून ठेवल्या.